शब्द ठेवायचा डबा

बाईंच्या हातातला खडू मोडला. अर्धा तुकडा घरंगळत सतरंजीवर बसलेल्या एकीच्या पायाशी गेला, तिनं तो उचलून बाईंसमोर धरला, आणि बाई त्या तुकड्याकडे नुसत्या बघत राहिल्या. प्रशिक्षणाचा तिसरा दिवस होता, सकाळचे साडेअकरा. खात्याच्या जुन्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, एका अंगाला फायलींची पत्र्याची कपाटं, दुसऱ्या अंगाला खिडक्या, खिडक्यांतून खाली स्कूटरींची रांग. एकतीस जणी गोल करून बसलेल्या. सगळ्या डोंगरातल्या बालवाड्यांवर काम करणाऱ्या, काही डोंगरच्याच, बऱ्याचशा खालून वर गेलेल्या. त्यांना इथं दहा दिवस एकच गोष्ट शिकवायची होती: मूल घरून जी भाषा, जी गाणी, जी माणसं घेऊन येतं ती दाराबाहेर काढून ठेवायची नाहीत, त्यांच्याच जोरावर त्याला शिकवायचं. बाई हे शिकवण्यात मुरलेल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी खात्यानं धोरण बदललं तेव्हा नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा त्यांनीच लिहिला होता, आणि तेव्हापासून असे पस्तीस-चाळीस वर्ग तरी त्यांनी घेतले असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी काय होतं हेही त्यांना तोंडपाठ होतं. ‘आपली पहिली शाळा’ असा विषय द्यायचा. मग कुणी सांगतं पट्टी कशी बसली, कुणी सांगतं कपडे कसे ओले झाले, एखादी रडते, शेजारची तिला रुमाल देते, आणि सगळ्यांचे डोळे पाणावले की बाई हळू आवाजात म्हणतात, “जे आपल्याला लागलं ते आपल्या मुलांना लागू द्यायचं नाही.” हे वाक्य आजवर कधी वाया गेलं नव्हतं.

आज ते ओठांवर येऊन थांबलं होतं. बोलत होती ती खिडकीपाशी बसणारी, सदतीस-अडतीसची, दोन दिवसांत तोंडातून अक्षर न काढल्यामुळे बाकीच्यांनी जिचं नाव अबोली पाडलं होतं ती. तिची पाळी आली तेव्हा ती आजही मान हलवून पुढचीकडे बोट दाखवील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ती बोलायला लागली, आणि तेही शाळेची भाषा अगदी स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. “आमच्या बाई चांगल्या होत्या,” ती म्हणाली, “त्यांनी कधी बोट लावलं नाही कुणाला. त्यांच्याकडे एक निळा पत्र्याचा डबा होता. झाकणावर पांढरा ससा काढला होता, त्याचा एक कान दुमडलेला.”

खडू मोडला तो तिथं. कारण तो कान दुमडलेला नव्हता, तो बिघडलेला होता. ब्रश घसरला होता, आणि बाईंचे यजमान, तेव्हा लग्नाला पुरते आठ महिनेही झाले नव्हते, जीभ चावून म्हणाले होते, “राहू दे, लाजलाय म्हणून सांग पोरांना.” जगात दुसऱ्या कुठल्या डब्यावर असा ससा असणं शक्य नव्हतं.

“घरचा शब्द तोंडात आला की बाई हसायच्या,” अबोली सांगत होती. “म्हणायच्या, अरे, हा बघा आला एक पळून! जा, ठेवून ये त्याला डब्यात. मग आम्ही उठायचो, झाकण काढायचो, आत तोंड घालून तो शब्द म्हणायचो आणि पटकन झाकण लावायचो. सगळे टाळ्या वाजवायचे. घरी जायच्या वेळी बाई झाकण उघडायच्या, आम्ही आत हात घालायचो, मूठ मिटायची आणि घरापर्यंत तशीच न्यायची. मी तर वाटेत पाणीपण प्यायचे नाही, मूठ सुटेल म्हणून.” एकदोघी हसल्या. अबोलीही थोडी हसली. “सुट्टी लागायच्या दिवशी गडबड होती. बाईंना बस गाठायची होती. डबा उघडायचा राहिला.”

मग तिनं जे सांगितलं ते अगदी थोडं होतं. ती साडेचार वर्षांची होती. घरी गेली तर आज्जीनं काहीतरी विचारलं. काय विचारलं ते तिला कळलं, पण उत्तर द्यायचे शब्द तर डब्यात होते, आणि ते चोरून वापरणं म्हणजे बाईंना फसवणं. आज्जीला शाळेची भाषा येत नव्हती. म्हणून ती गप्प बसली. दोन महिन्यांची सुट्टी. आज्जी विचारायची, ती मान हलवायची. आईनं घसा तपासून आणला. बाप एकदा चिडला. सुट्टी संपायला आठ दिवस उरले होते तेव्हा आज्जी आजारी पडली आणि तीन दिवसांत गेली. “जायच्या आधी मला जवळ घेतलं तिनं. म्हणाली, काहीतरी बोल गं, कायपण बोल. मी नाही बोलले.” अबोलीनं सतरंजीची एक सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “एवढंच,” ती म्हणाली.

कुणी रुमाल काढला नाही. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलल्याशिवाय जिला चैन पडत नसे ती गोल चेहऱ्याची बडबडीसुद्धा खाली मान घालून बसली होती. बाईंना वाटलं, सगळ्या आता आपल्याकडे बघतील आणि सगळ्यांना कळेल. पण कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. “चहा घेऊन या,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. “पंधरा मिनिटं.”

स्वच्छतागृहातल्या बेसिनचा नळ चालू सोडून त्या उभ्या राहिल्या. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, थंड पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळून स्वेटरची बाही भिजली तरी हात मागे घेतला नाही. आरशात छप्पन्न वर्षांची, केस नीट बसवलेली, चष्म्याला साखळी लावलेली एक बाई होती. तेवीस वर्षांची ती मुलगी कुठं गेली? ती बस मात्र त्यांना लख्ख आठवली. हिरवी बस, मागच्या काचेला चीर, आणि आपण पर्स छातीशी धरून उतारावरून पळतोय, कारण खाली स्टँडवर यजमान उभे असणार होते, सहा आठवड्यांनी भेटणार होते. पळताना चप्पल सुटली तीही आठवली. आणि त्याच्या आधी? वर्गाचं दार, कडी, कुलूप, किल्ली शेजारच्या घरात देणं. त्याच्या आधी? तिथं सगळं कोरं होतं. टेबलावर डबा असणार. त्याभोवती अकरा मुलं उभी असणार, रोजच्यासारखी, हात पुढे करायच्या तयारीत. त्यांना काय सांगितलं असेल आपण? चला चला, पळा आता घरी, असंच काहीतरी. प्रेमानंच. डोक्यावर हात फिरवून. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या आणि प्रत्येक वेळी बसच आठवत होती.

बाहेर व्हरांड्यात मावशी चहा फुंकत उभी होती. मावशी म्हणजे डोंगरची सत्तरीची म्हातारी, जिला खात्यानं या वर्गासाठी मुद्दाम बोलावून आणलं होतं. कागदावर तिचं पद ‘भाषातज्ज्ञ’ असं होतं आणि पदासमोर तिचा अंगठा होता. तिला डोंगरची चारशे गाणी येत, झाडांची नावं येत, लहान मुलाला रडताना काय म्हणायचं, पडल्यावर काय म्हणायचं, ते सगळं येई. शाळेची भाषा तिला मोडकीतोडकी येत असे आणि त्या भाषेत ती लहानमोठ्या सगळ्यांना ‘तू’ म्हणे. “बाई,” ती म्हणाली, “तू पिवळी.” बाई म्हणाल्या, “काही नाही, पित्त झालंय.” मावशीनं आपला चहा त्यांच्या हातात दिला. “पी. खोटं नंतर बोल.”

बाईंनी त्या दिवशीचा बाकीचा वर्ग घेतला. कसा घेतला ते त्यांना विचारू नये. त्यांनी मावशीकडून दोन गाणी म्हणवली, गट पाडले, तक्ते करायला लावले, तक्ते भिंतीला चिकटवले, आणि सगळा वेळ खिडकीकडे न बघता त्यांना खिडकीपाशी काय चाललंय हे कळत होतं. मावशी गाण्याची एकेक ओळ म्हणे आणि बाकीच्या ती मागून म्हणत. अबोलीचे ओठ हलत होते, पण पाठ होण्याआधी हलतात तसे, अर्धा क्षण मागे. ती डोंगरची, आणि खालून वर गेलेल्या मुलींसारखी अडखळते कशी, असा प्रश्न बाईंच्या मनात आला. मग त्याचं उत्तरही आलं, आणि त्यांनी हातातला तक्ता उलटा चिकटवला.

घरी आल्या तेव्हा यजमान बैठकीत टीव्ही लावून, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत होते. त्यांनी नोकरीभर मोजणी खात्यात नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यापासून डाव्या कानानं ऐकू येत नसे आणि उजव्यानं हवं तेवढंच येत असे, असं बाई म्हणत. आज बाई काही म्हणाल्या नाहीत. पर्स न काढता खुर्चीत बसल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “तो निळा डबा आठवतो?”

“न आठवायला काय झालं? ससा मी काढला होता. लाजरा.” ते खूश झाले. “त्याच डब्यानं तर नाव झालं तुझं. खात्याचं बक्षीस, पुस्तिकेत छापून येणं. तुझ्या आईनं पेढ्यासारखी वाटली होती ती पुस्तिका नातेवाइकांत.”

बाईंनी सांगितलं. उजव्या कानाशी वाकून, एका दमात, आज्जीपर्यंत सगळं. यजमान ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे बघ, तू काही मुद्दाम केलं नाहीस. त्या काळी दुसरीकडे पोरांना उन्हात उभं करत होते, तोंडाला चिकटपट्टी लावत होते. तू खेळ केलास. तुला मुंगी मारताना पाहिलं नाही मी आजवर. आणि साडेचार वर्षांच्या पोरीला काय आठवतंय? मोठेपणी माणूस गोष्टी जुळवतो.”

“तिला कान आठवतोय, अहो.”

यजमान उठले, आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणातून, विम्याचे कागद नि मुलीच्या निकालपत्रांच्या खालून, ती पुस्तिका काढून आणली. बहुधा त्यांना वाटलं असेल की त्यात बाईंच्या बाजूचं काहीतरी निघेल. पातळ, पिवळी पडलेली, पिना गंजलेल्या. ‘बालवाडीसाठी दहा गमतीचे खेळ’. बाईंनी खेळ सातवा काढला. ‘शब्द ठेवायचा डबा. साहित्य: झाकण असलेला कोणताही डबा. उद्देश: मुलांची घरची बोली त्यांना न दुखावता सुटावी.’ न दुखावता सुटावी. हे त्यांचंच वाक्य होतं, आणि ते लिहिताना ‘न दुखावता’ या शब्दांवर आपण खूश झालो होतो हेही त्यांना आठवलं. त्या वयात वाटे की सगळं जग दुखावणाऱ्यांचं आहे आणि आपण एकट्या वेगळ्या. पुढे कृती होती, पाच पायऱ्यांत. मुलाला रागवू नये. हसून डब्याकडे पाठवावे. शब्द आत म्हणायला लावावा. झाकण त्यालाच लावू द्यावे. टाळ्या वाजवाव्यात. ‘पंधरवड्यात फरक दिसू लागतो.’ त्याच्याखाली खेळ आठवा सुरू होत होता, हात धुण्याचं गाणं.

बाईंनी पान उलटलं, परत उलटलं. पानं चिकटली असतील म्हणून नखानं सोडवून पाहिली. घरी जाताना झाकण उघडावे, शब्द परत द्यावेत, असं कुठंच नव्हतं. छापणाऱ्यानं गाळलं असेल? नाही. मजकूर त्यांनीच तपासून दिला होता, शाईच्या खुणा अजून होत्या, एका ठिकाणी ‘पाठवावे’मधला काना त्यांनी स्वतः घातला होता. मग लिहायला विसरलो? बाई डोळे मिटून बसल्या. सुरुवातीला मुठी होत्या. अकरा छोट्या मुठी, काही मळलेल्या, एकीच्या बोटात लाल दोरा. त्या खऱ्या होत्या. पण पुस्तिकेचा मजकूर लिहिला तो दुसऱ्या वर्षी, मधल्या सुट्टीत, त्याच टेबलाशी बसून. तेव्हा मुठी होत्या का? तेव्हा वर्ग कसा होता? आणि हळूहळू, पाय पाण्यात घातल्यावर गारठा वर चढत यावा तसं, त्यांच्या ध्यानात येत गेलं की तेव्हा वर्ग शांत होता. फार शांत, गुणी वर्ग. मुलं शाळेच्या भाषेत बोलत किंवा बोलत नसत. डब्याशी जायची वेळच कुणावर येत नसे. परत देण्यासारखं आत काही पडतच नव्हतं, म्हणून उघडायची पायरी लिहायचं सुचलं नव्हतं. आणि ज्या शांततेवर खूश होऊन साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप दिली होती तिच्यात खिडकीजवळच्या रांगेत एक पोर सुट्टीनंतर आली होती आणि तिच्या घरात काय झालं होतं ते बाईंनी तिला विचारलं नव्हतं. कुठल्या भाषेत विचारणार होत्या?

यजमानांनी टीव्ही बंद केला. “मी रंग दिला त्याला,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि कपाळावरचा चष्मा काढून हातात धरून बसले.

सकाळी बाई वेळेआधी पाऊण तास गेल्या आणि जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. झाडूवाला त्यांच्या पायांभोवतीनं झाडून गेला. आधी बडबडी आणि तिचा घोळका हसत वर गेला, मग एकेकट्या, आणि सगळ्यांच्या मागून अबोली आली, जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली एकाच पिशवीत. बाईंनी रात्री जुळवलेली वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली. “ती बाई मी,” त्या म्हणाल्या. “तो डबा माझा होता.”

अबोलीनं त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा, साखळी, केस, पुन्हा चेहरा. “नाही,” ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली. “त्या बाई उंच होत्या.”

“तू लहान होतीस.”

जिन्यावरून कुणीतरी खाली आलं, वाट मागून गेलं. अबोली भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला आणि मग एकदम गळ्यापासून वर चढला. ती ओरडेल, वर जाऊन सगळ्यांना सांगेल, निदान रडेल, अशी बाईंनी मनाची तयारी केली होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “बाई, तुम्ही मारायला हवं होतंत,” ती म्हणाली. “मारलं असतंत ना, तर मी त्याच दिवशी घरी जाऊन आज्जीला सांगितलं असतं, तिच्याच भाषेत, ओरडून ओरडून. माझ्या भावाला पुढच्या शाळेत मारायचे, तो घरी येऊन मास्तरला शिव्या द्यायचा आमच्या बोलीत. त्याला अजून येते सगळी. तुम्ही जीव लावायचात. म्हणून मला ते खरं वाटलं.”

बाई पायरीवर बसल्या. “सुट्टीनंतर तू आलीस तेव्हा...” त्यांनी सुरुवात केली आणि पुढे काय विचारायचं ते त्यांना कळेना.

“तुम्ही डबा उघडलात की. म्हणालात, अगंबाई, राहूनच गेलं होतं, घ्या घ्या आपापले. सगळ्यांनी घेतले. मी हात नाही घातला. आता कुणाशी बोलायचे ते? तुम्हीच माझी मूठ मिटून दिलीत नि म्हणालात, शहाणी गं माझी.” अबोली त्यांच्या शेजारी, पण एक पायरी सोडून, बसली. “मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं हे. काल कसं बोलले माहीत नाही. मावशींनी सकाळी ते पोराला पाणी पाजायचं गाणं म्हटलं ना. ते मला माहीत होतं असं वाटलं. पण काय आहे ते आठवेना.”

“मी आजच साहेबांना कळवते,” बाई म्हणाल्या. “हा वर्ग मी घ्यायला नको. मला तोंड नाही राहिलं.”

यावर मात्र अबोली चिडली. आवाज चढला नाही, पण शब्द एकेक सुटा पडायला लागला. “म्हणजे तुम्ही परत बस गाठणार. माझ्या बालवाडीत एकोणीस पोरं आहेत, बाई. आपसात बोलतात ते मला निम्मं कळत नाही. मी त्यांच्यातलीच, माझं आडनाव त्यांचंच, आणि त्यांच्या आया मला हळू बोलून समजावतात, पाहुण्याला समजावतात तसं. मावशी दहा दिवसांसाठी आहेत, त्यातले तीन गेले. तुम्ही गेलात तर साहेब नवीन माणूस आणेपर्यंत वर्ग बंद ठेवतील. मला माफी नको तुमची. मला गाणी हवीत.” ती उठली, चार पायऱ्या चढली, थांबली. मागे वळून न बघता म्हणाली, “वर वर्गात सांगायचं असेल तर सांगा. माझं नाव घालू नका.”

बाईंनी सांगितलं. गोलाच्या मधे उभं न राहता, सतरंजीच्या कडेला, मावशीच्या शेजारी मांडी घालून. पुस्तिका मधे ठेवली. “काल तुम्ही ऐकलंत तो डबा माझा होता,” त्या म्हणाल्या. “मी तो खेळ काढला, मी तो छापून आणला, मला त्याचं बक्षीस मिळालं. खात्यानं नंतर धोरण बदललं, मी नवीन अभ्यासक्रम लिहिला, आणि मला वाटलं जुनं आपोआप गेलं.” गोलात पुन्हा कालचीच शांतता होती, आणि आता बाईंना ती वेगळी वाटली. आठवणींनी दाटलेली शांतता ही नव्हती, कालही नव्हती. वर्गात काही फुटलं की ज्यांनी फोडलं ती मुलं जशी गप्प असतात तशी होती. तेहेतीस वर्षं वर्गात काढलेल्या बाईला ती ओळखू येणारच. जे विचारायचं त्यांनी ठरवलंही नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“हा खेळ आज कुणाच्या बालवाडीत आहे?”

बडबडीनं हात वर केला, कोपरात दुमडलेला, कानापर्यंतच. तिच्या शेजारणीनं केला. समोरून दोन आले, खिडकीच्या बाजूनं तीन, दाराकडून पाच. काही हात झटकन आले, काही इतके सावकाश की बाईंना वाटलं हा येणार नाही, आणि तोही आला. तेवीस हात. बाई मोजत नव्हत्या, पण हजेरी घेऊन घेऊन डोळ्यांना सवय होती.

“तुम्हाला कुणी दिला तो?”

“माझ्या आधीच्या ताईंनी,” बडबडी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. “चार्ज देताना. हजेरीपट, घंटा, डबा. आमचा लाल आहे. मुलांना आवडतो हो, बाई. त्यांना लागत असेल असं वाटलंच नाही कधी. काल ही बोलली तेव्हापासून मला घास गिळवत नाही.”

“आणि घरी जाताना?” बाईंनी विचारलं. “तेव्हा उघडता का?”

बडबडीनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं पलीकडचीकडे. “उघडायचा असतो?” बडबडी म्हणाली.

बाईंनी सतरंजीवर तळवा टेकला. मावशी या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर बघत होती. “सगळ्या हात वर,” ती म्हणाली. “काय मागते?” दाराजवळची एक डोंगरची पोरगी, वयानं सगळ्यात लहान, मावशीच्या कानाशी सरकून तिच्या भाषेत सांगू लागली. सांगून झालं तेव्हा मावशीनं ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. तिला वाटलं असावं की आपण चुकीचं ऐकलं.

त्या दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर तसंच राहिलं. कुणी ठरवलं, कुणी म्हटलं, ते नंतर सांगता येईना. पण दहा मिनिटांत तेवीस जणी व्हरांड्यात होत्या, कठड्याला, जिन्यात, कपाटांच्या आडोशाला, फोन कानाला, आणि आपापल्या मदतनीसांना ओरडून सांगत होत्या. डोंगरात आवाज नीट जात नसे. कपाटावरचा डबा काढ. हो, तोच. आत्ता, मुलं आहेत तोवर. नाही, टाकून नको देऊस, मुलांसमोर उघड. अगं विचारू नकोस, उघड आधी. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, डबा, झाकण, उघड, हेच शब्द सगळ्या बाजूंनी येत होते, आणि ते थांबावेत असं त्यांना वाटत होतं नि थांबू नयेत असंही.

बडबडीचा फोन जुना होता, तो सगळ्यांना ऐकू जाई. “उघडला ताई,” पलीकडून मदतनीस म्हणाली. “आत काहीच नाही हो.”

“माहितेय गं. मुलं काय करतायत?”

“बघतायत.”

“काही बोलतायत का?”

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर. “नाही. माझ्याकडे बघतायत नुसती. ह्यांना काय सांगू?”

बडबडीनं फोन खाली केला आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात पुढे केला. फोन हातात आला, तोंडाशी आला, आणि तेहेतीस वर्षांत त्या मुलांच्या भाषेतला एकही शब्द आपण कधी तोंडात घेतला नाही हे त्यांना त्या वेळी कळलं, इतक्या उशिरा आणि इतकं साधं. त्या वळल्या. मावशी मागेच उभी होती. तिला फोन धरता येत नसे. बाईंनी तो तिच्या तोंडाशी धरला.

मावशी बोलली. एकच वाक्य, शेवटाला वर गेलेलं. मग थांबली. पलीकडे खरखर, कुणाचं तरी खोकणं, सरकणारे पाय. मावशीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, घाई न करता. आणि तिकडून एक लहान आवाज आला, दबका, अर्धवट. एकच शब्द असावा. मावशीनं काहीतरी विचारलं. आवाज पुन्हा आला, आता त्याच्यासोबत दुसरा, पहिल्याला खोडून काढणारा. अबोली कठड्यावरून हळूहळू जवळ आली होती. कपाळाला आठ्या घालून, ओठ अर्धवट उघडे ठेवून ती ऐकत होती, आणि मधेच एखाद्या शब्दाला तिची मान हलत होती. बाईंना काहीही कळत नव्हतं. हात दुखायला लागला तसा त्यांनी दुसऱ्या हाताचा टेकू दिला, फोन मावशीच्या तोंडाजवळून हलू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेतला, आणि काय बोलतायत ते कुणालाही न विचारता उभ्या राहिल्या.